नकाशावर आमच्या जागी झाडं होती

ग्वेन हॅडफील्डला लॉऱ्यांचा तिटकारा आहे असं ज्यांनी गावभर सांगितलं, त्यांच्यातल्या एकानंही तिच्या हातची अंडी खाल्लेली नव्हती. उमेदीची सगळी वर्षं तिनं लॉरीवाल्यांना जेवू घालण्यात घालवली. ब्रॅकनशॉच्या बाहेर जुन्या हमरस्त्यावर तिचा कॅफे होता. पहाटे उघडायचा आणि दुपारी तिला उभं राहवेनासं झालं की बंद व्हायचा. तळलेला पाव, बेकन, बीन्स आणि दोन हातांनी धरावा लागेल एवढा चहाचा मग. कोण कुठून निघालाय, कोणाच्या बायकोचं बाळंतपण जवळ आलंय, कोणाचा मालक ओव्हरटाइमचं बोलणं टाळतोय, हे सगळं तिला ठाऊक असायचं. लेस हॅडफील्ड त्याच कॅफेत गिऱ्हाईक म्हणून आला आणि नवरा होऊन राहिला. तो आधी खाणीत होता. खाण बंद झाल्यावर लॉरीवर गेला.

पुढे बाहेरून नवा रस्ता झाला आणि जुन्या रस्त्यावरची वर्दळ आटली. कॅफे गेला. त्याच्या मागोमाग लेसची छाती गेली. डॉक्टर कारण सांगताना जरा हात राखून बोलले, पण लेसला स्वतःला शंका नव्हती. अर्धी फुप्फुसं कोळशानं खाल्ली, उरलेली डिझेलनं, असं तो खोकत खोकत हसून सांगायचा. जिना चढवेना, तेव्हा त्यांनी गावातलं दोनमजली घर विकलं आणि दोघं हॉथॉर्न पार्कात, माझ्या शेजारी राहायला आली.

आमच्या पार्कातली घरं बैठी आहेत. ती कारखान्यात तयार होतात, दोन तुकड्यांत येतात आणि विटांच्या बैठकीवर एकदा बसली की जागची हलत नाहीत. न्हाणीघर आहे, स्वयंपाकघर आहे, पुढे गुलाब लावायला जागा आहे. राहणारे बहुतेक निवृत्त लोक. फार पूर्वी इथे खरोखरच्या, गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या कॅरव्हॅन उभ्या राहायच्या. तेव्हाचं नाव सरकारी कागदाला चिकटलं ते चिकटलंच, अजून कायद्यात आम्ही ‘कॅरव्हॅन’. आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, कर आम्ही भरतो, मतदानाला जातो, पोस्टमन रोज येतो. लेस दोन हिवाळे या घरात जगला आणि मागच्या खिडकीपाशी, शेताकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्चीत गेला. तो गेल्यावर ग्वेननं खुर्ची तिथून हलवली नाही. तीही तिथेच बसायची.

त्या शेताच्या फाटकावर एका वसंतात पिवळी सूचना बांधलेली दिसली. ग्वेन कुत्र्याला फिरवून येताना ती वाचून आली आणि चपला न काढता माझ्या स्वयंपाकघरात शिरली. शेतात लॉऱ्यांसाठी गॅसचा पंप होणार होता. गॅससुद्धा साधा नाही, खरकटं आणि शेण कुजवून काढलेला. म्हणजे सोप्या भाषेत, मोठ्या प्रमाणावरचा गोबरगॅस. त्यावर लॉरी चालली की ना तो काळा धूर, ना तो वास. कुणाचाही अंदाज चुकेल, पण ग्वेनला आनंद झाला होता. लेस असता तर पहिल्या दिवशी रांगेत उभा राहिला असता, असं ती म्हणाली. दोन-तीन दिवस पार्कात भेटेल त्याला ती हेच सांगत होती. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या आल्फ पिकरिंगनं कुरकुर केली तर तिनं त्यालाच झापलं.

मग पंप उभारणाऱ्या कंपनीनं चर्चच्या सभागृहात लोकांना माहिती देण्याचा कार्यक्रम ठेवला. भिंतीलगत रंगीत फलक, टेबलावर चहा आणि बिस्किटं, आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला टोबी नावाचा एक गोड बोलणारा तरुण. आम्ही सगळे फलक पाहत पाहत शेवटच्या मोठ्या नकाशापाशी आलो. पंप कुठे, लॉऱ्या शिरणार कुठून, गॅस दाबून भरायची यंत्रं कुठे, सगळं नीट दाखवलं होतं. ग्वेननं चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आम्ही कुठे आहोत यात?” तिनं विचारलं.

“तुम्ही कुठे राहता, मिसेस हॅडफील्ड?”

तिनं शेताच्या कडेच्या हिरव्या पट्ट्यावर बोट टेकवलं. “इथे. माझ्या न्हाणीघरावर तू झाड काढलंयस, बाळा.”

टोबी हसला, पण आम्ही कुणी हसत नाही हे पाहून थांबला. त्यानं लॅपटॉप उघडला, कुणाला तरी फोन केला. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या माहितीप्रमाणे ती जागा म्हणजे सुट्टीत येणाऱ्यांचा कॅरव्हॅनतळ होता. लोकांची घरं सगळ्यांत जवळ कुठे, तर मिल लेनला. मिल लेन बंधाऱ्याच्या पलीकडे आहे, आमच्यापेक्षा कितीतरी लांब. आवाज मोजायचं यंत्र त्यांनी तिथे, मिल लेनच्या लोकांच्या बागेत ठेवलं होतं, आणि पंपाचा आवाज तिथे अगदी सोसण्यासारखा येईल असा हिशेब काढला होता.

“मग सुट्टी संपली की आम्ही जातो कुठे, तेही लिहिलंय का त्यात?” ग्वेननं विचारलं.

टोबीनं तिचं म्हणणं वरच्यांना कळवायचं कबूल केलं, आणि कळवलंही असेल. मुलगा काही वाईट नव्हता. 

पंप त्याच शेतात का, याचंही उत्तर आम्हाला पुढे मिळालं. शेताखालून गॅसची मोठी वाहिनी जाते. ती वाहिनी काही आमच्या कुंपणापाशी येऊन संपत नाही. मोठ्या चौकाच्या पलीकडे, गोदामांच्या मागूनही तीच जाते आणि तिथे आसपास कुत्रंसुद्धा राहत नाही. पण ती जागा आणखी एका गोदामासाठी राखलेली होती. म्हणजे या शेतावाचून कुणाचं अडलं नव्हतं, सोय पाहिली होती.

तरीही, हे नीट लक्षात घ्या, ग्वेननं पंप नको असं एकदाही म्हटलं नाही. तिचं मागणं एवढंच होतं की आमच्या बाजूनं आवाज अडवणारी भिंत घाला आणि लॉरी मागे घेताना ती जी पिं पिं करते ती रात्री बंद ठेवायची सोय करा. मी तिला म्हटलं, अगं, पंपच नको म्हण, भांडायचं तर जोरात भांड. ती म्हणाली, “आणि लेसला काय सांगू? धूर दुसऱ्यांच्या नवऱ्यांनी खावा म्हणून?”

कौन्सिलमध्ये बांधकाम परवान्याचं काम मिस्टर पार्जेटर पाहत होते. ग्वेन बसनं गेली, चौकशीच्या खिडकीपाशी तासभर बसली, तेव्हा ते खाली आले. अत्यंत सभ्य माणूस. तिचं सगळं ऐकून घेतलं, नोंद घेतली आहे म्हणाले. तिनं विचारलं की जागा पाहिलीत का. पाहिली, म्हणाले. शेताच्या फाटकातून. आता आमच्या आणि शेताच्या मधे हॉथॉर्नच्या झुडपांचं जुनं कुंपण आहे आणि मे महिन्यात ते पानाफुलांनी गच्च भरतं. साहेबांना पलीकडे काही दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणून नव्हतंच. चार पावलं चालून झुडपाच्या कडेनं डोकावण्यापुरतेही कष्ट झाले नाहीत. एका वस्तीला नाहीशी करायला एवढंच लागतं.

ग्वेननं त्यांना चहाला बोलावलं. त्यांनी तिच्या आग्रहाबद्दल आभार मानले. शेवटी ती म्हणाली, “साहेब, तुमच्याच कौन्सिलची कचऱ्याची गाडी दर मंगळवारी आमच्या दारात येते. ती काय सुट्टीवर येते?” त्याचीही त्यांनी नोंद घेतली.

पुढे त्यांचा अहवाल आला. परवानगी द्यावी, अशी शिफारस होती. आमच्याबद्दल एकच ओळ, ‘उत्तरेला कॅरव्हॅनतळ, तात्पुरता वापर.’ आल्फ त्या जागी सव्वीस वर्षं राहत होता. त्यानं ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि म्हणाला की आपण तात्पुरते आहोत हे खरंच आहे, पण ते कौन्सिलनं सांगायचं कारण नव्हतं.

पार्कातल्या सगळ्यांनी मिळून उठावं, तर तेही होईना. पंपाच्या वाटेसाठी आपली जागा देण्याबद्दल पार्कच्या मालकाची त्या कंपनीशी बोलणी झाली होती. त्यानं एकेकाला गाठून शांतपणे सांगितलं की फार ओरड केलीत तर तुमची घरं उद्या कुणी विकत घेणार नाही. म्हातारपणी माणूस भांडणाला भितो, आणि घराच्या भांडणाला तर फारच. अर्ध्या लोकांनी ग्वेनला कुंपणाआडून पाठिंबा दिला, उघडपणे सहा-सात जणच राहिलो.

आणि गावातले लोक. गावच्या फेसबुकवर कुणीतरी लिहिलं, ‘आपलं आयुष्य धुरात मजेत काढलं, आता नातवंडांच्या हवेच्या आड येतात.’ खाली शंभरेक लोकांनी पसंतीचे अंगठे दिले. आणखी एकानं लिहिलं की कॅरव्हॅनमध्ये राहणाऱ्यांना एवढाच त्रास होत असेल तर त्यांनी गाडी जोडावी आणि समुद्रकाठी जावं. ग्वेनला मूलबाळ नाही. नातवंडांची ती ओळ तिच्या भाचीनं तिला फोनवर वाचून दाखवली आणि मग वाचल्याचा तिलाच पश्चात्ताप झाला. ग्वेन म्हणाली, “त्यांना सांग, मी लेसचे रुमाल धुतलेत. धूर कसला असतो ते मला नका शिकवू म्हणावं.” त्या दिवशी दुपारी ती जेवली नाही.

एका रविवारी डगी मार्सडेन तिच्याकडे आला. तो लेसचा मित्र, तिच्या कॅफेतलं जुनं गिऱ्हाईक, अजून लॉरी चालवतो. मी तिथेच होते. तो बराच वेळ कुत्र्याच्या मानेवर हात फिरवत बसला.

“ग्वेन, तू आमच्या विरुद्ध गेलीस असं ऐकतोय.”

“तुझ्या त्या पोटात अर्धं माझं बेकन आहे, डगी. विरुद्ध कुठून जाऊ?”

डगी म्हणाला की हसण्यावारी नेऊ नकोस. लॉरीवाल्याला कुठेच कुणी उभं राहू देत नाही. दिवसभर गाडी हाकायची आणि रात्री रस्त्याच्या कडेला बाटलीत लघवी करायची. इथे शॉवर मिळणार, संडास मिळणार, धूर नाही, आणि तूच आडवी येतेस. हे तो रागानं बोलत नव्हता, त्यामुळे ते जास्त लागत होतं.

ग्वेननं त्याच्यापुढे केकचा तुकडा ठेवला आणि आपलं मागणं सांगितलं. भिंत आणि पिं पिं. बस.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग हे कुणाला माहीत का नाही?”

“तू पहिला आलास विचारायला,” ग्वेन म्हणाली.

डगीनं केक खाल्ला, आणखी एक तुकडा मागून घेतला आणि गेला. तिच्या बाजूनं बोलायला तो परवानगीवर मत देणाऱ्या कौन्सिलच्या कमिटीपुढे येणार नव्हता, त्याची नोकरी होती. पण जाताना त्यानं तिला मिठी मारली. अशी मिठी मारायची त्याची रीत नव्हती.

कमिटीची बैठक दुपारी टाउन हॉलमध्ये होती. आम्ही सहा जण लोकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांवर बसलो. आमच्या आधीचा विषय मिल लेनच्या एका घराचा होता. मागच्या बाजूला काचेची खोली वाढवायची होती आणि त्यामुळे शेजारणीच्या स्वयंपाकघरावर सावली पडणार होती. त्या सावलीवर अर्धा तास चर्चा झाली. तिचे फोटो दाखवले गेले, हिवाळ्यात किती पडेल आणि उन्हाळ्यात किती हे विचारलं गेलं. दोन सभासद स्वतः जाऊन ते स्वयंपाकघर पाहून आले होते. त्या शेजारणीबद्दल माझी काही तक्रार नाही. स्वयंपाकघरात ऊन कुणालाही हवं असतं. पण याच सभासदांपैकी एकही माणूस आमच्या दारात आला नव्हता.

मग आमचा विषय निघाला. कंपनीच्या माणसानं बोलून घेतलं. त्यानं हवेबद्दल सांगितलं ते सगळं खरं होतं. त्यानंतर ग्वेनला बोलावलं. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर एक दिवा, वेळ संपली की लाल होणारा. ग्वेननं भाचीच्या लग्नातला निळा कोट घातला होता.  तिनं सांगितलं की तिनं लॉरीवाल्यांना कितीतरी वर्षं जेवू घातलं, की तिला हा गॅस हवा आहे, की तिचं मागणं एका भिंतीचं आहे. तिनं सांगितलं की नकाशात जिथे झाडं दाखवलीत तिथे माणसं राहतात, बारा महिने राहतात, आजारी पडतात आणि मरतात. “माझा नवरा त्याच खिडकीत...” एवढं ती म्हणाली आणि दिवा लाल झाला.

“धन्यवाद, मिसेस हॅडफील्ड,” अध्यक्ष मिसेस लोमॅक्स म्हणाल्या. “तुमची वेळ संपली.”

ग्वेन वाक्य तोंडात धरून तशीच उभी राहिली. मग आपल्या जागेवर येऊन बसली.

एका तरुण सभासद बाईंनी अधिकाऱ्यांना विचारलं की तिथे लोक वर्षभर राहतात का. प्रश्न साधा होता, हो किंवा नाही. मिस्टर पार्जेटर म्हणाले की त्यांच्या माहितीप्रमाणे त्या जागेचा परवाना कॅरव्हॅनचा आहे. प्रश्न माणसांचा होता आणि उत्तर परवान्याचं आलं. हे त्या बाईंच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात गळ्यात बो बांधलेले सग्डन नावाचे एक जुने सभासद खुर्चीत रेलून म्हणाले, “चाकांवरची घरं आहेत ना? आवाज झाला तर थोडी पुढे न्यायची.”

कमिटीतले लोक हसले. सगळे नाही, पण पुरेसे. मिसेस लोमॅक्सनीही ओठ दाबून हसू आवरलं.

ग्वेन उठून उभी राहिली.  “माझ्या घराची चाकं कुठे आहेत ते येऊन दाखवा, मिस्टर सग्डन. दाखवलीत तर मी स्वतः ढकलत नेते, आणि तुम्ही पुढून ओढा.”

या वेळी मागे बसलेले लोक हसले आणि सग्डन कागद चाळू लागले. मिसेस लोमॅक्सनी ग्वेनला सांगितलं की पुन्हा मधे बोललात तर बाहेर जावं लागेल. आयुष्यात तिला कुणी, कुठूनही बाहेर काढलेलं नव्हतं. कॅफेत ती दारुड्यांना बाहेर काढायची.

मत घेतलं. हात वर झाले. त्या तरुण बाईंचा एक हात विरुद्ध होता, बाकी परवानगी. सोबत अटी वाचून दाखवल्या, आणि त्यातली एक ऐकून मला वाटलं माझ्या कानांना काही झालंय. जवळच्या रहिवाशांची काळजी म्हणून उंच ध्वनिरोधक भिंत बांधायची होती. मिल लेनच्या बाजूनं.

  घरी येऊन ग्वेननं निळा कोट काढून हँगरला लावला, तेव्हा म्हणाली, “सावलीला अर्धा तास मिळाला, आणि मला लेसचं वाक्य पुरं करू दिलं नाही.”

पंप वर्षाच्या आत उभा राहिला. भिंतही राहिली, हिरवी, देखणी, दोन माणसांच्या उंचीची. मिल लेनकडे जाणारा आवाज ती अडवायची आणि आमच्याकडे परत पाठवायची. गॅस दाबायच्या यंत्रांची घरघर जमिनीतून यायची, कपाटातले कप एकमेकांना लागून किणकिणायचे. त्यावर ब्रेकचा फस्स आवाज, दारांची आपटाआपट, आणि पिं पिं पिं, रात्रंदिवस. आल्फ म्हणायचा की माझं बरंय, मी कानातलं यंत्र काढून ठेवतो. पण कपाटाची थरथर त्यालाही पलंगात कळायची. ग्वेननं आपला पलंग पुढच्या बैठकीच्या खोलीत आणला. मागची खोली, ती खिडकी, ती खुर्ची, सगळं दार लावून बंद. ज्या खोलीसाठी ती या घरात टिकून होती ती खोली तिच्या हातून गेली, आणि याला कागदावर म्हणायचं तात्पुरता वापर.

पहिल्यांदा तिला मदत आली ती कुठून, हे मला मुद्दाम सांगायचंय. ज्यांची ती शत्रू आहे असं गाव म्हणत होतं, त्यांच्याकडून. डगीनं पंपावर येणाऱ्या चालकांना गाठून सांगायला सुरुवात केली की पलीकडे लेसची बायको राहते. मागे जाऊ नका, वळसा घालून समोरून निघा. वळसा लांबचा होता आणि दमलेल्या माणसाला तो नकोसा वाटणार. तरी महिन्याभरात पिं पिं निम्म्यावर आली. पुढे पुढे तर एखाद्या रात्री ती ऐकूच यायची नाही. ना कमिटीचा ठराव, ना कुणाची अट. कधी तिच्या हातचं खाल्लेले पाच-दहा जण, आणि त्यांच्या शब्दावर वळसा घालणारे बाकीचे, ज्यांनी तिला पाहिलंही नव्हतं.

कौन्सिलकडे ग्वेननं तक्रार केली. कौन्सिलनं कौन्सिलची चौकशी केली आणि कौन्सिलचं काही चुकलं नाही असं कौन्सिलला आढळलं. तिनं वरच्या पायरीवर दाद मागितली, तिथेही तेच आढळलं. प्रत्येक उत्तराला त्यांनी आठवड्यांवर आठवडे घेतले. मग ती कौन्सिलांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी तक्रार अधिकाऱ्याकडे गेली. तिथून एक बाई आल्या. साधा स्वेटर, पाठीवर पिशवी. त्या ग्वेनच्या घरात शिरल्या, मागच्या खोलीचं दार उघडायला सांगितलं आणि आवाज ऐकत बराच वेळ तिथे बसून राहिल्या. या सगळ्या प्रकरणात आमच्या घराच्या आत पाऊल टाकणाऱ्या त्या पहिल्या अधिकारी. जाताना त्यांनी विचारलं की इथे राहायला येऊन किती काळ झाला, आणि ग्वेनला रडू फुटलं, कारण हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. कौन्सिलनं आमची घरं घरं म्हणून धरायला हवी होती. ती धरली नाहीत हा दोष. पण परवानगी आता मागे घेता येत नाही, कारण कोर्टात जायची मुदत संपून गेली. आणि संपली कधी, तर आम्ही कौन्सिलच्या उत्तरांची वाट पाहत होतो तेव्हा. चोरानंच सांगावं की थांबा, मी घरात शोधतो, आणि तेवढ्यात पोलीस चौकी बंद व्हावी, त्यातला प्रकार. हे मी चारचौघांत बोलले आहे आणि पुन्हा बोलेन.

कौन्सिलनं माफी मागावी आणि आमच्या बाजूनं भिंत घालावी, असं त्या बाईंनी सांगितलं. माफी आली. ‘काही रहिवाशांना आपली बाजू पुरेशी लक्षात घेतली गेली नाही असं वाटलं असल्यास कौन्सिल दिलगीर आहे.’ ग्वेननं ती वाचून मला दिली.

“वाटलं असल्यास,” ती म्हणाली. “मला वाटलं नाही. तसं झालं.”

तिनं माफी परत पाठवली. नीट लिहून पाठवा, एवढाच निरोप. लोक म्हणाले, अगं आता पुरे, जिंकलीस ना. पण ती हटून बसली, आणि खरोखरच दुसरी माफी आली. तुमची घरं आम्ही मोजली नाहीत, ते आमचं चुकलं, एवढ्या सरळ शब्दांत.

भिंत मात्र आणखी एक हिवाळा गेल्यावर आली. तोपर्यंत आल्फ समुद्रकाठी लेकीकडे कायमचा राहायला गेला होता. म्हणजे फेसबुकवरच्या त्या माणसानं सांगितलं होतं तसंच झालं. भिंत झाल्यावर आवाज बराच दबला. घरघर जमिनीतून येते ती येतेच. ग्वेननं मागच्या खोलीचं दार उघडलं, धूळ पुसली, पलंग परत नेला. खिडकीतून आता शेत दिसत नाही, हिरवी भिंत दिसते. खुर्ची तिनं फिरवून बागेकडे तोंड करून ठेवली.

नवी भिंत पाहायला मिसेस लोमॅक्स आल्या. बरोबर कौन्सिलच्या पत्रिकेसाठी फोटो काढणारा एक माणूस होता. ग्वेनच्या घरात कुणी आलं की चहा होतोच, तसा झाला. मिसेस लोमॅक्स बैठकीत बसल्या, पडदे पाहिले, शेकोटीच्या फळीवरचे फोटो पाहिले, आतल्या स्वयंपाकघराकडे मान लांबवली. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. बाई खोटं बोलत नव्हत्या, मनापासून कौतुक करत होत्या, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं.

“किती छान ठेवलंय हो,” त्या म्हणाल्या. “अगदी खऱ्या घरासारखं वाटतं.”

ग्वेननं पुढे होऊन त्यांच्या हातातला कप घेतला. तो अर्धा भरलेला होता.

“खरं घरच आहे, मिसेस लोमॅक्स,” ती म्हणाली. “आणि मला आता ते झाडायचंय.”

फोटोवाल्याला कळेना की कॅमेरा बाहेर काढावा की ठेवावा. मी उठले आणि दार उघडून धरलं.